आक्षेप मागे घेताना

३ मार्च, सोमवार

वीस एप्रिलला येत आहेत — मुलगा, सूनबाई आणि तीन वर्षांची नात, जिला मी केवळ छायाचित्रांत पाहिले आहे. नऊ दिवस राहणार. फोन मुलाने स्वतः केला. चार वर्षांत सणावाराच्या शुभेच्छांपलीकडे आमच्यात बोलणे झालेले नाही. आज तो सात वाक्ये बोलला. मोजली, कारण आठव्याची वाट पाहत होतो.

नात फक्त कोरियन बोलते. तिला विहीणबाईंनी वाढवले आहे. तिकडच्या एका बंदराच्या गावी सगळे त्यांच्याच घरात राहतात. तीन वर्षांचे मूल सात आठवड्यांत माझी भाषा शिकणार नाही. तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या निवृत्त प्राध्यापकाने तिची शिकणे, हा एकच पर्याय उरतो.

५ मार्च

शिक्षिका मिळाली. दोन गल्ल्या पलीकडे नवऱ्यासोबत लाँड्री चालवते. कोरियातून इकडे येऊन वीस वर्षे झाली. आपली भाषा तिने काउंटरवर उभे राहून उचलली, त्यामुळे आल्यागेल्या सर्वांना 'तू' म्हणते. मलाही!

"तू काय शिकवायचास?"

"तर्कशास्त्र."

"म्हणजे भांडण?"

"भांडणाचे नियम."

"अरे देवा. मग बायको कशी टिकली?"

ती आता नाही, असे सांगितले. बाईने माझ्या सदऱ्याचे लोंबणारे बटण तिथल्या तिथे लावून दिले आणि पहिला धडा सुरू केला.

११ मार्च

विलक्षण काटेकोर भाषा आहे. समोरच्याचा मान क्रियापदाच्या टोकाला बसवलेला असतो. वाक्य संपेपर्यंत माणसाची पायरी ठरते. व्याही-विहिणींशी बोलायचे ते सर्वांत वरून. दुकानात, शेजारी मधली पायरी. पोराबाळांशी सर्वांत खालची, अगदी घरगुती. मी वरची पक्की केली. खालची शिकण्यास नकार दिला.

बाई वैतागली. "नातीशी असं बोललास ना, तर ती उठून सलाम ठोकेल!"

मी म्हटले, मूल हीदेखील व्यक्ती आहे. आमच्या घरात हाच नियम होता. मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून जेवणाच्या टेबलावर जे हवे ते रीतसर मागायचा. सायकल हवी? मुद्दा मांड, कारण दे, माझ्या हरकतीचे खंडन कर. पुष्कळदा जिंकायचा.

लग्नाच्या वेळी मात्र त्याने मुद्दा मांडलाच नाही. फक्त कळवले. मी अकरा आक्षेपांचे पत्र पाठवले; उत्तर आले नाही. तो निरुत्तर झाला, असे मी चार वर्षे समजत आलो.

१९ मार्च

'पाऊस पडतो आहे' हे वाक्य आज वरच्या पायरीवर चारदा म्हटले. पाऊस पडत नव्हता.

२३ मार्च, रविवार

व्हिडिओ कॉल. फजिती!

स्वागताची सहा वाक्ये मुखोद्गत केली होती. कोट घातला. नात पडद्यावर आली, मी पहिले वाक्य वरच्या पायरीवर निर्दोष उच्चारले, आणि ती आईच्या पाठीमागे गेली ती आलीच नाही. सूनबाई हसू दाबत मुलाला काही म्हणाली. त्याने भाषांतर केले — "छोटी विचारतेय, हे बातम्या देणारे काका घरी कशाला आलेत?"

मग विहीणबाई. भरभक्कम बाई, गळ्यात मेणकापडी एप्रन. पडद्याला नाक लावून त्या माझ्यावर अक्षरशः ओरडल्या. शब्द उंचावरून फेकल्यासारखे. अठरा दिवसांच्या अभ्यासातला एकही शब्द त्यात सापडला नाही. फोन नंबर मात्र त्यांनी आपणहून कागदावर लिहून दाखवला. राग आहे हे उघड आहे, आणि तो सकारण आहे. त्यांनी माझे पत्र वाचलेले असणार.

२४ मार्च

कालच्या कॉलचे ध्वनिमुद्रण घेऊन लाँड्रीत गेलो. बाईने कान टवकारले, मग तोंड वाकडे केले. "ही आमची भाषाच नाही. ही ह्याची." आणि बोट आतल्या खोलीकडे दाखवले. तिथे वाफेच्या यंत्रामागे तिचा नवरा इस्त्री करतो. तो दक्षिणेकडच्या किनारी प्रांतातला, ती राजधानीची. दिवसभरात चार शब्द बोलणारा माणूस! विहीणबाईंचा आवाज ऐकताच त्याने इस्त्री खाली ठेवली. दोनदा ऐकले. बायकोशी बोलला, तिने मला सांगितले —

"ती रागावलेली नाही. म्हणतेय, किती वाळलाय हा माणूस, जेवतो का नीट? एकटाच का राहतो? आमच्याकडे ये म्हणावं. त्यांच्याकडे बोलणंच असं, भांडल्यासारखं." मग थांबून, "पण एवढ्या मोठ्यानं कुणी ओरडत नाही. तू बहिरा आहेस का?"

मी बहिरा नाही.

२९ मार्च

गुरू बदलला. इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी स्टुलावर बसतो. तो एक सदरा संपवतो आणि एक वाक्य देतो. दुसरा संपेपर्यंत मी ते घोकतो. चढउतार चुकला की मान न उचलता वाफ सोडतो — फुस्स! बाई काउंटरवरून ओरडते, "शीक, शीक! राजधानीत गेलास तर लोक तुला खलाशी समजतील." 'आजोबा'ला पुस्तकातला शब्द 'हाराबोजी'. हा म्हणतो, आमच्याकडे पोरं 'हाल्बे' म्हणतात. पुस्तकातल्या शब्दाला जणू कडक इस्त्री आहे. हा अंगावर मऊ झालेला.

खालची पायरीही शिकतो आहे. अवघड आहे. व्याकरण सोपे आहे, तरीही.

२ एप्रिल

ज्या विहीणबाई माझ्या जेवणाची चौकशी करतात त्यांच्याविरुद्ध माझे अकरा आक्षेप अजून नोंदीवर उभे आहेत. हे असह्य आहे. वादशास्त्राचा नियम स्पष्ट आहे: आक्षेप मोघम मागे घेता येत नाही, तो जसाच्या तसा मांडून मगच मागे घ्यायचा.

त्याप्रमाणे विहीणबाईंना पत्र लिहिले. कोरियनमध्ये, सर्वांत वरच्या पायरीवर, क्रमांक घालून. तिसरा — परक्या घरात माझा मुलगा कायमचा पाहुणा राहील, हा आक्षेप मी मागे घेतो. सातवा — नातवंडांशी मला बोलता येणार नाही, हा मागे घेतो. नववा — आपण बंदरावर मासळी विकता व आपले शिक्षण चौथीपर्यंतच झाले आहे, हा आक्षेप मी पूर्ण विचारांती मागे घेतो. चार दिवस लागले.

लाँड्रीवालीने शब्द तपासले. तीन चुका काढल्या. मग कागद हातातच धरून बसली.

"हे पाठवू नको."

"कारण?"

"असंच. नको."

"कारण सांगा, मी विचार करेन."

"कारण नाही येत मला सांगता. पण नको ना पाठवू!"

कारणावाचून हरकत म्हणजे हरकत नव्हे.

३ एप्रिल

सकाळी पत्राची छायाचित्रे त्यांच्या फोनवर पाठवली. मन हलके झाले.

६ एप्रिल, रविवार

मुलाचा फोन. सुरुवातच मोठ्या आवाजात.

"बाबा, काय केलंत हे?"

मी म्हटले, आक्षेप मागे घेतले.

"अहो, सासूबाईंना माहीतच नव्हतं! कुणालाच नव्हतं! चार वर्षं ते पत्र मी ऑफिसच्या कपाटात ठेवलंय. तुम्ही फोन का करत नाही म्हणून विचारायच्या, तर सांगितलं, बाबांना ऐकू येत नाही. त्या बिचाऱ्या तुमच्याशी ओरडून बोलायची प्रॅक्टिस करत होत्या! आता त्या तुमचं नवं पत्र घेऊन धक्क्यावर गेल्यात, त्यातली जड भाषा शेजारच्या मासळीवालीकडून वाचून घ्यायला. अकराच्या अकरा!"

मी विचारले, येण्याचे काय?

"हिचं म्हणणं, नको जायला. मी काय सांगू तिला? तुम्हीच सांगा, काय मुद्दा मांडू?"

वहीत क्रमांक एक घातला, तो अजून कोराच आहे.

७ एप्रिल

नातीसाठी आणलेली छोटी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. पुन्हा सरळ केली.

९ एप्रिल

दोन दिवस बचावाचा मसुदा करत होतो. हेतू शुद्ध होता, पद्धत मान्यताप्राप्त होती, माहिती अपुरी होती ती माझ्या दोषाने नव्हे. तिन्ही विधाने खरी. वाचताना लाज वाटली. फाडला.

लाँड्रीत गेलो. बाईने स्टूल पुढे सरकवले.

"त्या दिवशी मला कारण सुचलं नाही," म्हणाली. "घरी गेल्यावर सुचलं."

"काय?"

"तिला लागेल."

हे कारण नव्हे, परिणाम आहे, असे मी म्हणणार होतो. म्हटले नाही. त्या वाक्याला चार वर्षांपूर्वीही माझ्याकडे उत्तर नव्हते. फक्त ते कुणी उच्चारले नव्हते.

मुलाने चार वर्षे केले ते हेच — कुणाला लागू नये एवढे पाहिले. मी त्याला खंडन शिकवले, आणि तो मला लोकांपासून आणि लोकांना माझ्यापासून झाकत राहिला. त्याला फोन केला. म्हटले, "तू उत्तर दिलं नाहीस ते बरं केलंस." पलीकडे इतकी शांतता, की खरेच ऐकू येत नाही असे वाटले. मग म्हणाला, "जेवलात का?"

१२ एप्रिल

विहीणबाईंचे उत्तर आले. सहा पाने, सगळे बोलीत; इस्त्रीवाल्याने यंत्र बंद करून वाचून दाखवले, बाईने अर्थ सांगितला. या लग्नाला त्यांचेही आक्षेप होते — एकोणीस! क्रमांक घालून. एकही मागे घेतलेला नाही. चौथा — 'पोरगा कधी वादच घालत नाही. अशाच्या पोटात काय आहे, कळायचं कसं?' विसावा माझ्यावर आहे, पण तो तोंडावर सांगणार म्हणे.

वीस एप्रिलची तिकिटे आता तीन नव्हे, चार.