इन्क्युबेटरवरच्या हिरव्या पाकिटाबाबत

प्रति,
मा. प्रमुख, सुरक्षा व स्वच्छता विभाग,
ऊती-अभियांत्रिकी संशोधन केंद्र, शिनचू (तैवान).

विषय : इन्क्युबेटरवर खाऊचे एक हिरवे पाकीट ठेवण्याची परवानगी तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ : प्रयोगशाळेत खाद्यपदार्थांना बंदी करणारी आपली नोटीस.

महोदय,

उपरोक्त नोटिशीनुसार सोमवारी आपल्या कर्मचाऱ्यांनी आमच्या इन्क्युबेटरवरील खाऊचे पाकीट जप्त केले. नियम रास्त आहे, त्याबद्दल वाद नाही.

२. सदर इन्क्युबेटरमध्ये ह्सू यू-तुंग या सहा वर्षांच्या मुलीची श्वासनलिका वाढत आहे. शरीरात विरघळणाऱ्या धाग्यांच्या नळीवर तिच्याच पेशी पेरल्या असून ती नळी द्रवात अखंड फिरती ठेवावी लागते. फिरणे थांबले की पेशी तळाशी बसतात आणि वरची बाजू उघडी पडते. पुन्हा पेशी काढून घेण्याइतकी ताकद मुलीत उरलेली नाही. शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे.

३. बुधवारपासून मोटार अडखळते आहे. हे यंत्र आमचे मिस्त्री श्री. तू यांनी स्वतः जुळवले असून ते चालू असताना त्यात हात घालणे दुसऱ्या कोणास जमत नाही. श्री. तू म्हणतात, "आधी हिरवं पाकीट आणा, मग मला पाना धरायला सांगा. तसाच हात लावला आणि बंद पडलं, तर पोरीच्या आईला तोंड कोण दाखवणार? तुम्ही?" त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा असल्याने यंत्रे ताळ्यावर राहतात, मात्र पाकीट चालू दिव्यासारखे हिरवेच हवे आणि त्याची मुदत संपलेली नको, ही इथली समजूत आपणांस ठाऊक आहेच. आपल्या विभागाच्या प्रिंटरवरही एक पाकीट आहे. ही तक्रार नव्हे.

४. मी पाकिटाचा फोटो चिकटवून पाहिला. "फोटोला कोण भितंय?" असे श्री. तू म्हणाले. रिकामे पाकीट ठेवणे त्यांना यंत्राची थट्टा वाटते. भरले पाकीट काचेच्या पेटीत मोहोरबंद करू म्हटले, तर आपल्या विभागाने पेटीसाठी स्वतंत्र अर्ज मागवला. अखेर पाकिटाची 'नमुना' म्हणून नोंद केली, तेव्हा त्यावर कोणता प्रयोग करणार, अशी विचारणा झाली. 'काहीच नाही, त्याने नुसते तिथे असायचे आहे,' असे उत्तर मी दिले. ते अपूर्ण ठरवून परत आले.

५. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, असे मी गेल्या महिन्यात लेखी दिले असते. आज देऊ शकत नाही. मोटारीचा आवाज ऐकत मी यंत्रासमोर बसून असते आणि तो जरा बदलला तरी उठून नळी फिरते आहे ना ते पाहते. महोदय, मला फार भीती वाटते.

६. मुलीची आई नाश्त्याचे दुकान चालवते व रोज दुकान आवरून काचेतून नळी पाहून जाते. काल तिने विचारले, "डॉक्टरबाई, वरचं पाकीट कुठं गेलं हो?" मी म्हटले, "मुदत संपत आली होती, नवीन आणतोय." आज येताना तिनेच पाकीट आणले. हिरवेच, मुदत नीट पाहून घेतलेले. ते माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे.

७. तरी ते पाकीट यंत्रावर ठेवू द्यावे, ही हात जोडून विनंती. काही विपरीत घडल्यास 'आम्ही शक्य ते सगळे केले' हे त्या माउलीला सांगण्याचे काम माझ्याकडे आहे. पाकीट खणात असताना ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. आपला नकारच असेल, तर तिला ते कोणी सांगावे, एवढे तरी लेखी कळवावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
(सही)
डॉ. चियेन वेई-रू
दिनांक : ७ मार्च

सोबत : नोटिशीची प्रत, पाकिटावरील मुदतीचा फोटो (पाकीट न उघडता काढलेला).