बाबांच्या झुलत्या अक्षरांची योग्य जागा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तू, लेक आणि नवं बाळ तिघंही ठणठणीत असाल असं धरून चालतो (नसाल तर पत्र नंतर वाच, आधी औषध घे). इकडे तुझा दवाखाना कुलपात सुखरूप आहे, कुंड्यांना मी पाणी घालतो आहे आणि उरलेल्या वेळात लढतो आहे.

लढाई बाबांच्या अक्षरांची. सर्कशीच्या जाहिरातींसाठी पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी पत्र्यात कापलेले साचे आठवतात ना? प्रत्येक अक्षराचं पोट सुटलेलं, वेलांटीला पीळदार मिशीचा डौल आणि शिरोरेषा कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी झुलणारी! आज बघावं तिकडे एकाच सरळसोट ठशाच्या पाट्या, जणू सगळ्या दुकानांना एकाच मास्तरांनी भिंतीकडे तोंड करून उभं केलं आहे. मी ठरवलं, ही अक्षरं पुन्हा दारादारांवर चढवायचीच. पहिला मान वकिलांच्या पाटीला दिला, तर अशिलं तिकीट-खिडकी कुठे म्हणून विचारू लागली. मग वाचनालयात ‘शांतता राखा’ रंगवलं. वाचेल तो खुदकन हसे, त्याला बघून शेजारचा हसे. शेवटी ग्रंथपालबाई म्हणाल्या, ‘एक तर ही पाटी काढा, नाही तर मला काढा.’ तरी मी डगमगलो नाही. निवृत्त मुख्याध्यापकांच्या शोकसभेची पाटी त्याच अक्षरांत केली. माणसं पोराबाळांसह नटूनथटून आली, सभागृह भरलं, एका आजोबांनी हत्ती कधी येणार म्हणून विचारलं. खूश झाल्या त्या एकट्या मुख्याध्यापकांच्या पत्नी. ‘ह्यांच्या भाषणाला जन्मात एवढी गर्दी झाली नव्हती,’ म्हणाल्या.

आमच्या पाट्यांच्या कारखान्याचे मालक मात्र भडकले. ‘आणखी एक तक्रार आली, तर साचे भंगारात!’ चार दिवस मी विचार केला. ताई, अपराध अक्षरांचा नाही, जागा निवडताना चुकलो तो मी. रडणाऱ्यापुढे नाचू नये, हे कुणालाही कळतं. पण माणूस जिथे घाबरत घाबरत पाय टाकतो, तिथे दारावर हसरं अक्षर हवंच! बाबांचे साचे भंगारात जाणार नाहीत म्हणजे नाहीत.

तुझा (अजून नोकरीत असलेला)
धाकटा

ता. क. अशी जागा सापडली. तुझ्या दवाखान्याची पाटी मी काल बदलली. ‘दातांचा दवाखाना’मधला पहिला ‘दा’ पडायला आल्यासारखा वाटेल. तो मुद्दाम तसा काढला आहे. मालक तुला फोन करतील. ‘मीच सांगितलं होतं’ एवढंच म्हण, बाबांची शपथ आहे.

आणखी एक. तुझी जुनी पाटी परत मागू नकोस. सभागृहवाल्यांना भरपाई म्हणून ताठ अक्षरांतली ‘शोकसभा’ हवी होती आणि तुझ्या पाटीची मागची बाजू कोरी होती. दारात टांगली आहे. वारा आला की उलटते आणि तुझं नाव दिसतं. ओळखीच्यांचे रडवेले फोन आले तर घाबरू नकोस. तू ठणठणीत आहेस, असं मी भेटेल त्याला सांगतो आहे.