उसनं हसू

प्रिय शेंडेफळ,

रोज सकाळी चहाबरोबर एक पांढरी गोळी गिळणाऱ्या माझ्या भगिनी! हसू नकोस, सवय आहे. युनियनच्या सभेत मी आधी समोरच्यांना हाक मारते आणि मग त्यांचं गाऱ्हाणं मांडते. आज सभेला तू एकटीच आहेस आणि गाऱ्हाणं आपल्या दोघींचं आहे. बाबा गेल्यावर आपण दोघी आजारी पडलो, आणि ज्यांना साधी शिंक आली तरी दोन डॉक्टर लागतात त्या नातेवाइकांनी आपल्याला फुकटचं औषध दिलं: मन घट्ट करा, फिरायला जा, गोळ्या कसल्या घेता! मामा तर म्हणाला, आमच्या वेळी हे डिप्रेशन-बिप्रेशन नव्हतंच. होतं रे मामा, फक्त तुम्ही त्याला तिरसट स्वभाव म्हणायचात.

आई सकाळीच आलीये, अजून इथेच आहे. तू पाच दिवसांपूर्वी गोळी एकदम बंद केलीस, पाकीट शिवणाच्या डब्यात टाकलंस आणि काल तुझ्या दुकानात भिंत धरून चालत होतीस, हे तिने सांगितलं. माझे फोन तू उचलत नाहीस. बरंच करतेस. माझ्या आवाजावर सध्या माझाच विश्वास नाही. मी बोलायला लागले की जिंकते, मग म्हणणं खरं असो की खोटं. कागदावर तू मला अडवू शकतेस, परत मागे जाऊन वाचू शकतेस, समासात फुली मारू शकतेस. म्हणून पत्र. मागणी शेवटी मांडते, नेहमीसारखी.

आठवतंय ना, एकाच आठवड्यात एकाच डॉक्टरीणबाईंनी आपल्याला एकच गोळी दिली. मला वाटलं, चला, निदान आजारात तरी आपण बरोबरीच्या. पण नाही. महिन्याभरात तू झोपायला लागलीस, जेवायला लागलीस, चष्म्याच्या दुकानात काचा घासताना गुणगुणायला लागलीस. मावशी म्हणाली, धाकटीचा चेहरा बघा कसा खुललाय. मोठीचा चेहरा कुणी बघितला नाही, कारण मोठी जांभया देत होती. तोंडाला अशी कोरड पडायची, की जीभ टाळूला चिकटायची. घाम तर इतका यायचा, की भाषण संपेपर्यंत ब्लाउज पिळून काढावा. सहा किलो वजन वाढलं. तुझं एक ग्रॅम नाही! तू आरशासमोर जुना पिवळा ड्रेस घालून मला विचारलंस, "ताई, सैल होतोय का गं?" त्या क्षणी तुला खिडकीतून खाली ढकलून द्यावं असं मला वाटलं होतं. तळमजला होता म्हणून वाचलीस.

वजनाचं एक वेळ सोड. माझे शब्द गेले, शेंडेफळ. बस डेपोच्या फाटकावर साडेतीनशे माणसं समोर उभी होती. मी मूठ वर उचलली, "आमची पहिली..." म्हणाले, आणि पुढचा शब्द सापडेना. युनियनच्या सरचिटणीस बाईला 'मागणी' हा शब्द आठवत नव्हता! पुढच्या रांगेतला मेकॅनिक ओरडला, "मागणी, ताई, मागणी!" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मला रडायचं होतं, तर रडूही येईना. आत कुणीतरी कापूस कोंबून ठेवल्यासारखं झालं होतं. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. टीव्हीवरचा कसला तरी भिकार सिनेमा बघून तू मनसोक्त रडली होतीस आणि आता किती हलकं वाटतंय हे मला सांगत होतीस. त्याच गोळीवर! मी "हो का, छान" म्हणून फोन ठेवला.

डॉक्टरीणबाईंना हे सांगायला हवं होतं. त्यांनी मात्रा कमी केली असती, दुसरं औषध दिलं असतं. पण तक्रार करणं हे माझं कामच असून मला ती तिथे करता आली नाही. धाकटीला सोसतंय आणि मला सोसत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार? मग एका सोमवारी मी पाकीट कचऱ्यात टाकलं. तीन दिवस असं वाटलं, की कुणीतरी खिडक्या उघडल्या. शब्द पटापट परत आले. आणि चौथ्या दिवशी वार्षिक सभा होती. आईला घेऊन तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस. पिवळाच ड्रेस.

त्या दिवशी मी केलं ते फक्त भाषणं करणारी बाईच करू शकते. जी गोष्ट डॉक्टरांच्या खोलीत कुजबुजायची, ती मी माइकवरून सांगितली. "मी गोळ्या फेकून दिल्या. मला उसनं हसू नको. माझं रडणंही माझं स्वतःचं हवं!" टाळ्या थांबेनात. 'उसनं हसू' दुसऱ्या दिवशी डेपोच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं. आणि एकदा टाळ्या मिळालेलं वाक्य मागे घेता येत नाही, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट खोड.

पुढचं तुला ठाऊक नाही, कारण मी ते लपवलं. सभेनंतर दोन दिवसांनी डोळे डावीकडून उजवीकडे वळवले की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायला लागलं. खट्, खट्. मळमळ. बिस्किटाचा पुडा फाडता येईना म्हणून मी स्वयंपाकघरात बसून हुंदके देऊन रडले. स्वतःचं रडणं हवं होतं ना, घे! नवव्या दिवशी डेपोच्या जिन्यावर तोल गेला आणि सात पायऱ्या घरंगळले. मनगटाचं बँडेज पाहून तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं, फरशी ओली होती. फरशी खडखडीत कोरडी होती. त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या कधी आवाज चढवत नाहीत, पण मला म्हणाल्या, "बाई, गोळी म्हणजे काय लाइटचं बटण आहे का, खाली-वर करायला?" गेले दोन आठवडे माझी गोळी पुन्हा सुरू आहे. आता ती त्यांच्या सांगण्याप्रमाणे, महिन्यामहिन्याने, थोडी थोडी कमी होणार आहे. युनियनमध्ये कुणाला माहीत नाही. तुलाही नव्हतं.

आणि गंमत बघ, हे सगळं मला तू आधीच सांगितलेलं होतंस. तुझ्या दुकानात एकदा ते मास्तर आले होते, ज्यांचा नंबर एकदम दोनने वाढला होता. त्यांना तू म्हणालीस, "काका, काच बरोबर आहे, पण डोळ्यांना एकदम इतका फरक सोसत नाही. जमीन हलल्यासारखी वाटेल. आपण आधी थोडा कमी नंबर देऊ, मग पाव-पावाने वाढवू." मी बाकावर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, किती शहाणी झालीये कार्टी. तेव्हाही कौतुकापेक्षा जळफळाटच जास्त होता.

आता शेवटचं, ज्यासाठी हा कागद घेतला. ते वाक्य मी सभेतल्या शेकडो माणसांसाठी बोलले नव्हते. तिसऱ्या रांगेसाठी बोलले होते. 'उसनं' म्हणताना मी तुझ्याकडे बघत होते, आणि तुझ्या चेहऱ्यावरचं हसू उतरताना मला दिसलं, तरी मी वाक्य पुरं केलं. आज सकाळी आई म्हणाली, "ती भिंत धरून चालते गं," तेव्हा क्षणभर, शेंडेफळ, मला बरं वाटलं. आता दोघी सारख्या, असं वाटलं. मग आई तिथेच खुर्चीत बसून रडायला लागली आणि मला माझीच किळस आली. तुझं हसू उसनं नव्हतं. ते तुझं होतं आणि मला ते हवं होतं, एवढंच. गोळी कधीतरी सोडायची असेल तर सोड, पण माझ्या टाळ्यांवर सोडू नकोस. तुझ्या मास्तरांच्या नंबरासारखी सोड, पाव-पावाने, डॉक्टरीणबाईंना विचारून. मी त्यांना तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय, त्या तुझ्या फोनची वाट बघताहेत. हे पत्र घेऊन आलेली आई आत्ता तुझ्यासमोर बसली असेल. तिच्या फोनवर मी डॉक्टरीणबाईंचा नंबर काढून ठेवलाय. पत्राची घडी नंतर घाल. आधी आईच्या हातातून तो फोन घे आणि हिरवं बटण दाब.

तुझीच,
जळकी ताई