रस्सा नसलेला मासा

रविवार, संध्याकाळ

मोबाईलवर बघून एकाच कढईत रोहू, गाजर, सिमला मिरची परतली, वरून गूळ-लिंबाचा चकचकीत पाक. झटपट झालं! पण आज रस्सा नाही, हे सांगायचंच राहिलं. कढई घेऊन वाढायला गेले, तर सासरे नेहमीसारखी भाकर चुरून रश्शाची वाट पाहून राह्यले.

"मामाजी, आज रस्सा नाही केला."

"मंग म्या भाकर कायले चुरली?"

उठून जातील का? सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. मामाजींनी मासा चाखला. मग सगळी चुरलेली भाकर कढईत ओतली, पाकात घोळली अन् आधी आम्हां दोघींच्या ताटांत वाढली.

"खा वं दोघी, गरम हाय तवर."

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्या हातचं वाढलेलं आज पहिल्यांदा जेवले. आता कशाला करते मी रस्सा!