नागोयातली गोदामं आणि आपली चावडी

शिक्रापूर, १ फेब्रुवारी, रविवार

गुरुजी, तुम्ही गेल्याला वीस वर्षं होऊन गेली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, याची आधी माफी मागतो. तुम्ही होतात तेव्हाही फारशी लिहिली नव्हती. आज लिहितोय ते आठवण आली म्हणून नाही, चिडलोय म्हणून. आपली चावडी पाडायचं ठरलंय. तिथं गाळे होणार आहेत. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव झाला, आणि त्यात अनुमोदक म्हणून माझं नाव आहे.

शाळेचे पत्रे वादळात उडाले त्या वर्षी तुम्ही चौथीचा वर्ग चावडीत भरवलात. एके सकाळी तुम्ही पुस्तक मिटता आणि म्हणता, आज चावडीचं चित्र काढा. मी चटकन चार भिंती, वर कौलं, त्यावर एक झेंडा काढून वही पुढे करतो. तुम्ही चित्राकडे बघता, मग माझ्याकडे. "खांब किती हायेत रं?" मी म्हणतो, चार. "सहा हायेत. रोज ज्याला टेकून बसतोस त्यो तरी मोजायचा व्हता." सगळा वर्ग हसतो. माझ्या घरात कुणी इमारतीकडे बघत नव्हतं. इमारत म्हणजे सावली आणि आडोसा. बघायचं असतं हे मला त्या दिवशी कळलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते कितपत खरं आहे, याची आता शंका येते.

मागच्या पावसाळ्यानंतर कंपनीनं आम्हा दोघांना तीन महिने जपानमध्ये नागोयाला ट्रेनिंगला पाठवलं. दुसरा भांडगावचा, माझ्याच लाइनवरचा. रविवारी ट्रेनिंगला आलेले बाकीचे मॉलमध्ये जायचे, मी त्याला ओढून गल्ल्यांमधून फिरवायचो. कालव्याकाठी व्यापाऱ्यांची जुनी गोदामं आहेत, खाली दगडी जोतं, वर चुन्याच्या पांढऱ्या भिंती. काही जुन्या घरांच्या छपरावर चक्क देव बसवलेत, लाकडी खेळण्याएवढं देऊळ, कौलांवर. खाली गल्लीत जागा नाही म्हणून. पर्यटकांच्या नकाशावर यातलं फारसं काही नव्हतं. भांडगावकर वैतागायचा. "येवढं इमानात बसून आलो आन् गोदामं बघतोय व्हय? आमच्या भांडगावात कांद्याच्या चाळी हायेत की, चल, फुकट दाखवतो." एकदा जुनं सार्वजनिक स्नानगृह बघायला तासभर चाललो, तर तिथं गाड्यांचं पार्किंग, आणि कोपऱ्यात इथे काय होतं ते सांगणारा एक दगड. मी इतका संतापलो की या लोकांना स्वतःच्या वास्तूंची किंमत नाही, असं परतताना त्याला अर्धा तास ऐकवलं. हे मुद्दाम लिहून ठेवतोय. तिकडे सगळंच जपतात असं नाही, आणि दुसऱ्याच्या गावात संतापणं मला फार सोपं गेलं.

एका गल्लीत एक जुनं दुकान लोकांना बघायला म्हणून रविवारपुरतं उघडायचे. पंचाहत्तरीचा एक निवृत्त माणूस ओल्या फडक्यानं जिना पुसत असायचा, एकेक पायरी, वरून खाली. आम्ही बूट काढले तसा तो खूश झाला. मोबाइलमध्ये बोलून भाषांतर दाखवत त्यानं विचारलं, तुमच्या गावात असं काय आहे? मी चावडीचं सांगितलं. सहा सागवानी खांब, हे जोर देऊन सांगितलं. ती कोण सांभाळतं? मी म्हणालो, आम्हीच. दहा वर्षांत मी चावडीची पायरीसुद्धा चढलो नव्हतो. तो माझ्यापुढे वाकला. मीही वाकलो.

मग परत आलो. ग्रामसभेत माझा सत्कार. शाल, नारळ, आणि सरपंचमामा माइकवर, "आमचे जपानवाले! आता गाव बी जपानसारखं चकाचक करायचं, काय?" टाळ्या. लगेच पुढचा विषय चावडीचा. पाच मिनिटांत मंजूर. खांब लिलावात काढायचे, तेही ठरलं. कॅन्टीनमध्ये भांडगावकराला कळलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "तिकडं दुसऱ्याच्या गोदामापुढं टोपी काढून हुबा ऱ्हायचास. आन् हितं तुझ्याच सहीनं जेसीबी? व्वा रं गड्या." मी त्याला सांगितलं, मला न विचारता नाव टाकलं, सही तर हजेरीची होती. बायकोलाही तेच सांगितलं. आठवडाभर सरपंचांवर चिडतोय, गाळे बुक करायला धावलेल्यांवर चिडतोय, गावात कुणाला काही दिसत नाही म्हणून चिडतोय.

गुरुजी, हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून लिहितो. मला विचारलं होतं. ग्रामसेवक वहीवर पेन धरून माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "साहेब, अनुमोदक तुमचं नाव टाकू का?" चारपाच लोक कौतुकानं बघत होते. शाल अंगावर होती. मी मान हलवली, आणि हसलोही.

उद्या: अर्धी रजा टाकून ग्रामसेवकांकडे जाणे, अनुमोदन मागे घेतल्याचा लेखी अर्ज देणे, पोच घेणे.