सतरा पोरांचं कालेज

बाबा,

आज सकाळी शेंदूरजनाघाटचे एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगा हुशार आहे, नागपूरच्या मोठ्या कॉलेजात जागा मिळते आहे, पण त्याचं मन कुठल्याशा लहान, नव्याने निघालेल्या कॉलेजाकडे ओढ घेतं आहे. बापाला ते पटत नाही. तिथे म्हणे मुलं मोजकीच, इमारत भाड्याची, आणि शिकवतात ते सगळंच, म्हणजे काव्यही, गणितही, इतिहासही. त्यातलं पोटाला कामी येणारं कोणतं, हे कोणी सांगत नाही. इतकी वर्षं शाळेत मास्तरकी केल्यामुळे लोक मला असले प्रश्न विचारायला येतात आणि मीही मोठ्या ऐटीत उत्तरं देतो. आजही दिलं. "लहानात घाला," म्हणालो, "पण आधी स्वतः जाऊन पाहून या, आणि ते दाखवतील तेवढंच पाहून परत येऊ नका." ते गेले आणि मला तुमची इतकी आठवण आली की दुपारची झोप सोडून लिहायला बसलो. कारण हे वाक्य माझं नव्हे, तुमचं आहे. आजवर मी ते माझं म्हणूनच वापरत आलो.

तुम्ही अमरावतीच्या बाजारात एका शेटजींच्या पेढीवर कापसाचे पारखी. शेती काकांच्या हाती सोपवून तुम्ही शहरात आलात ते याच कामासाठी, आणि अमेरिकेतली लढाई पेटल्यापासून तर तुम्हाला घास गिळायला फुरसत नव्हती. गाड्यांवर गाड्या. ज्यांच्या अंगावर धड बंडी नसायची ते बैलांच्या शिंगांना चांदी मढवून येत होते. तुम्ही कुठल्याही गाडीच्या वरचा कापूस कधी पाहिला नाहीत. बाही सारून हात कोपराच्याही वर आत घालायचा, गाडीच्या पोटातून एक पुंजका ओढून काढायचा, दोन अंगठ्यांत धरून हळूहळू ताणायचा, ओठाला लावून ओल बघायची. गाडीवाला कितीही गोड बोलला, "वरचाच पाहा न बापा, सारा एकच हाये," म्हणाला, तरी तुम्ही फक्त हसायचात. मी बाजूला उभा राहून पाहायचो आणि मला त्या कामाची थोडी लाजच वाटायची. मी अमरावतीची इंग्रजी शाळा संपवली होती. मला मुंबई दिसत होती.

मुंबईच्या मोठ्या कॉलेजात घालायचं शेटजींनी स्वतःहून कबूल केलं होतं. चार वर्षं शिकायचं आणि परत येऊन त्यांच्या पेढीवर इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळायचा. मी त्या कॉलेजाचं चित्र एका छापील कागदावर पाहिलं होतं आणि तो कागद उशीखाली ठेवून झोपत होतो. तेवढ्यात तुम्ही कुठूनसं ऐकून आलात की अकोल्याला एका म्हाताऱ्या शास्त्र्यांनी सरकारी नोकरी सोडून कॉलेज काढलं आहे. मुलं सतरा, मास्तर तीन, आणि जागा एका रिकाम्या कोठाराच्या माडीवर. लोक त्याला 'सतरा पोरांचं कालेज' म्हणून चिडवत. त्या दिवशी माय चुलीपुढे भाकरी थापत होती. ती थापता थापताच म्हणाली, "सतरा? आपल्या गावच्या गोठ्यात याच्याहून जास्त ढोरं हायेत." मी मोठ्याने हसलो. मग तो कागद आणून तुमच्यापुढे धरला, खांब दाखवले, घड्याळाचा मनोरा दाखवला. तुम्ही कागद हातातही घेतला नाहीत. "तू तं वरूनच गाडी इकत घेशील, पोट्ट्या," एवढंच म्हणालात. मला ते इतकं लागलं की मी भाकर अर्धी टाकून उठलो. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही शेटजींकडून रजा मागून बैल जुंपलेत, आणि मला गाडीत बसावं लागलं.

तेव्हा आगगाडी बडनेऱ्याला अजून यायची होती. मूर्तिजापूरवरून दोन दिवसांची वाट. मी वाटेत तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही बैलांशी बोललात. अकोल्याला पोचलो तेव्हा म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी आपली चांगली बडदास्त ठेवली. पाहुणा पारखी आहे हे त्यांना कळलं होतं, त्यामुळे त्यांनी सगळ्यांत हुशार मुलगा पुढे बोलावला. त्याने खणखणीत आवाजात आधी संस्कृत म्हटलं, मग इंग्रजी म्हटलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि हात जोडून म्हणालात, "हा नाई, महाराज. हा वरचा झाला. मले मधला पाह्यजे." असं म्हणून तुम्ही त्या सतरंजीवर बसलेल्या मुलांवरून नजर फिरवलीत आणि अगदी मधोमध बसलेल्या, मांडीवर पाटी घेतलेल्या एका हडकुळ्या पोराकडे बोट केलंत. मिसरूड फुटलेलं, पागोटं विटलेलं. "हा पोट्टा उठवा." सगळे एकदम खाली मान घालून हसू दाबायला लागले. शास्त्रीबुवा काही बोलणार होते, पण तो उठून उभाच राहिला आणि म्हणाला, "विचारा काका."

तुमचा प्रश्न मला आजही शब्दशः आठवतो, कारण तो ऐकून जमीन दुभंगेल तर बरं असं मला झालं होतं. मला वाटलं होतं तुम्ही निदान पाढे विचाराल. तुम्ही विचारलंत, "ते अमेरिकेतले लोक काहून लढून राह्यले? आन लढाई सरली का आमच्या कापसाचं काय होईन?" अख्खा वऱ्हाड त्या लढाईवर गबर झाला होता आणि तोवर हा प्रश्न कोणी विचारलेला मी ऐकला नव्हता. तो म्हणाला, पहिल्याचं थोडं सांगता येईल. तिथे कापूस वेचायला विकत घेतलेली माणसं असतात, ती तशीच ठेवायची की सोडायची यावरून ते भांडत आहेत. तुम्ही मध्येच म्हणालात, "इकत घेतलेली माणसं? कापूस वेचाले?" दुसऱ्याचं मात्र मला माहीत नाही, तो म्हणाला. ते तुम्हाला जास्त ठाऊक असेल. बसा ना. आमचा कापूस आणि त्यांचा, फरक काय असतो?

आणि तुम्ही बसलात. सतरंजीवर, मुलांमध्ये. कनवटीला बांधून आणलेला पुंजका काढलात, ताणून दाखवलात, प्रत्येकाच्या हातात दिलात. आपला धागा आखूड, त्यांचा लांब, विलायतेतल्या यंत्रांना लांबच हवा असतो, हे तुम्ही सांगत होतात आणि तो एकेक बारीक प्रश्न विचारत होता. मग आता आखूड का घेतात? "दुसरा भेटत नाई म्हणून." आणि लांब पुन्हा मिळायला लागला तर? तुमचे अंगठे तिथेच थांबले. तुम्ही पुंजक्याकडे पाहत म्हणालात, "तं मंग आपल्याले कोन इचारते?" तुमच्याच प्रश्नाचं उत्तर तुमच्याच तोंडून निघालं होतं. मी तिथे दाराशी उभा होतो. शिकलेल्या माणसाने तुम्हाला काही विचारलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. शेटजीसुद्धा तुम्हाला फक्त 'हो की नाही' एवढंच विचारत.

निघताना जिन्याशी शास्त्रीबुवांनी हळूच सांगितलं की ज्याला तुम्ही उठवलंत तो विद्यार्थी नव्हे, भूमितीचा आणि इतिहासाचा मास्तर. संस्कृतच्या तासाला तो स्वतः शिकायला मुलांत बसतो. तुमचा चेहरा पडला. एवढे नावाजलेले पारखी, आणि मास्तराला पोट्टा म्हणून उठवलं! बोरगाव येईपर्यंत तुम्ही नुसते बैल हाकत होतात. मग एकदम हसायला लागलात ते इतके की बैल बिचकून थांबले. पागोट्याच्या टोकाने डोळे पुसलेत आणि म्हणालात, "तिथं मास्तरच शिकून राह्यला बे." मी विचारलं, मग जाऊ म्हणता? तर म्हणालात, "जायचं तुले हाये. म्या फक्त माल पाह्यला."

तीन दिवस मी तो विचार करत होतो. शेटजींचा निरोप दोनदा येऊन गेला. तुम्ही एकदाही विषय काढला नाहीत, मायलाही काढू दिला नाहीत. शेवटी मी अकोल्याला जातो म्हणालो, आणि हे मी आजही छाती ठोकून सांगतो की निर्णय माझा होता. घड्याळाच्या मनोऱ्याचा कागद मी मायला चूल पेटवायला दिला. तिने तो पेटवला नाही, डब्याखाली घातला.

पुढचं तुम्हाला नीट कधी कळलं नाही. तुम्ही मास्तर पारखलात तो शंभर नंबरी होता. पण माल पाहून आलात तेव्हा जेवणाची वेळ झालेली नव्हती. सतरा मुलांत मी अठरावा, आणि कुणब्याचा एकटाच. जेवायला माझं पान ओटीवर वेगळं मांडलं जायचं. मी 'मले' म्हणालो की अकोल्यातल्याच एका वकिलाचा मुलगा तोंड फिरवून 'मले, मले' करायचा आणि बाकीचे हसायचे. मुंबईत असतो तर गर्दीत हरवून तरी गेलो असतो. सतरा जणांत हरवायलाही जागा नसते. रोज तीच तोंडं, तीच सतरंजी. त्यात भर म्हणजे इंग्लंडच्या इतिहासाच्या पुस्तकाची प्रत एकच, आणि मास्तरांनी ती त्या वकिलाच्या मुलाला आणि मला मिळून दिली. एक पान दोघांनी वाचायचं, उलटायचं तर विचारून. दोन महिने आम्ही 'झालं का' याखेरीज बोललो नाही. दसऱ्यानंतर मी शेटजींना पत्र लिहिलं की मुंबईची जागा अजून मोकळी असेल तर मी येतो. तुम्हाला कळू देऊ नका अशी विनंतीही केली.

त्याचं उत्तर येण्याआधी तुम्ही आजारी असल्याचा निरोप आला. पटकीची साथ होती. मी आलो तेव्हा तुम्ही मागच्या ओसरीवर निजला होतात, उन्हं कलली होती, माय तुमच्या तळपायांना सुंठ चोळत होती. तुमचे हात इतके हलके कधी पाहिले नव्हते. मला बघून तुम्ही दुखण्याचं काही बोलला नाहीत. म्हणालात, "जमते का रे तुले तिथं?" मी म्हणालो, "जमते, बाबा." "खरं?" "खरं." तुम्ही डोळे मिटलेत आणि मायला म्हणालात, "पाह्य, म्या सांगतलं होतं." त्यानंतर तुम्ही फक्त पाणी मागितलंत.

तेरावं झाल्यावर शेटजींचं उत्तर मिळालं. जागा मोकळी होती, ताबडतोब निघ. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि अकोल्याच्या बैलगाडीत बसलो. पुढे लढाई संपली, भाव असे कोसळले की शेटजींनी पेढी आवरून गाव सोडलं. मुंबईला गेलो असतो तर माझं शिक्षण अर्ध्यातच राहिलं असतं. पण मी काही दूरदृष्टी दाखवून थांबलो नव्हतो. त्या पौषात वकिलाचा मुलगा एक पान माझ्यासाठी थांबून म्हणाला, तुझ्या बापाने त्या दिवशी कापसाचं सांगितलं होतं तसं पुन्हा सांग ना, आणि आम्ही त्यावरून तास संपेपर्यंत भांडलो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या घरी त्याच्या आईने मला आत, त्याच्या शेजारी वाढलं. दोन वर्षांनी कॉलेज बंद पडलं तेव्हा शेवटपर्यंत राहिलेल्या नऊ जणांत मी होतो. त्या माडीवर मी जे शिकलो त्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतं आहे. त्या दिवशी ओसरीवर मी तुमच्याशी खोटं बोललो, बाबा. मला तिथे अजिबात जमत नव्हतं. तुम्ही गेल्यावर ते खोटं ज्याच्याकडून परत घ्यावं असं कोणी उरलं नाही, म्हणून मी परत गेलो आणि ते खरं होईपर्यंत तिथे राहिलो.