धक्क्यावर राहिलेली मऊ टोपली

आदरणीय ताई,

साष्टांग नमस्कार घालायला कंबर राजी नाही, म्हणून उभ्यानेच, पण मनापासून नमस्कार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि आता तुम्हाला वाचता येतं हे कळलं, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. (वाचता येत नसतं तर हे पत्र लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण ते असो.) तुमचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मास्तर, ठीक आहे. हे मुद्दाम आधीच सांगतो, कारण पुढचं वाचताना तुमचा जीव वरखाली होईल.

रविवारी आम्ही त्याला होडीतून तलावात नेलं आणि तिथे त्याच्यासमोर तळलेल्या बटाट्याच्या काचऱ्या ठेवल्या, असं तुमच्या कानावर गेलं आहे. ते खरं आहे. पण कसं घडलं ते ऐकून घ्या आणि मग काय बोलायचं ते बोला.

घशाच्या ऑपरेशनला सात महिने झाले, नाकातली अन्नाची नळी निघाल्याला तीन. घसा बरा झाला, मऊ अन्न खायला हरकत नाही, असं डॉक्टर सांगून थकले. पण पहिल्याच आठवड्यात उकडलेल्या बटाट्याचा घास अडकून त्याला जो ठसका लागला, त्यात त्याचे डोळे पांढरे झाले, आणि तेव्हापासून कोमट दूध आणि गाळलेलं सूप यापलीकडे तो जाईना. चमचा दिसला की भिंतीकडे तोंड. वजन त्रेचाळीस किलोवर आलं. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, घशात काही नाही, भीती आहे, पण असंच चाललं तर पुन्हा नळी घालावी लागेल. मी दुकानात परतलो आणि एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात तासकाटा मिनिटाच्या जागी आणि मिनिटकाटा तासाच्या जागी बसवला. छत्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतो आहे, असं कधी झालं नव्हतं.

होडीवर पार्टी करायची कल्पना आमच्या मित्राची, शिंप्याची. पाण्यावर गेलं की भूक लागते, असं त्याचं म्हणणं. (त्याला जमिनीवरही लागते, त्यामुळे त्याचा पुरावा फारसा धरू नये.) शनिवारी संध्याकाळी त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही बांधाबांध करायला बसलो आणि पहिल्या दहा मिनिटांत आमचं वाजलं. तुमचं सात पानी सूचनापत्र मी समोर ठेवलं होतं: कडक नको, आंबट नको, गरम नको, गार तर मुळीच नको. मी म्हटलं, मग सगळ्यांनीच मऊ खाऊ. शिंपी म्हणाला, तीन म्हातारे होडीत बसून कस्टर्ड चाटताहेत हे पाहिलं तर मास्तरला आपण आजारी आहोत हे नव्याने कळेल. मी म्हटलं, आणि आपण त्याच्यासमोर कुरुमकुरुम केलं तर? यावर तो बराच वेळ कात्रीला तेल घालत बसला. शेवटी वहिनींनी (म्हणजे शिंप्याच्या बायकोने, मला बायको नाही हे तुम्हाला माहीत आहे आणि त्यावर तुमचं पुरेसं बोलून झालेलं आहे) तोडगा काढला. टोपल्या दोन. एकीत कस्टर्ड, कुस्करलेली केळी, थर्मासमध्ये सूप, दुधात भिजवायचा पाव. दुसरीत काचऱ्या, टोस्ट, खारे शेंगदाणे, काकड्या. मास्तरला डुलकी लागली की आम्ही दुसरी उघडायची. सोड्याच्या सहा बाटल्या बर्फात घालून बादलीत, वर गोणपाट. सगळं चोख होतं. चूक एवढीच झाली की शिंप्याने दोन्ही टोपल्यांना एकाच कापडाचे तुकडे बांधले. कुणाच्या तरी शर्टातलं निळ्या चौकटींचं कापड उरलं होतं. (ते उरतं कसं, हे त्या गिऱ्हाइकाने विचारावं.)

धक्क्यावर मास्तरला होडीत उतरवण्यात आमचा सगळा जीव गुंतला होता. शिंप्याने त्याचा एक हात धरलेला, मी दुसरा, आणि मास्तर दोघांना बजावत होता की मला चालता येतं. त्या गडबडीत एक टोपली आत आली. दुसरी शिंप्याने घेतली असं मला वाटलं आणि मी घेतली असं शिंप्याला.

तलावाच्या मध्यावर गेल्यावर शिंप्याने गाठ सोडली, आत पाहिलं, आणि ज्या शांतपणे ती परत बांधली त्यावरून मी काय ते ओळखलं. नावाड्याला परत फिर म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि वारा समोरून होता. जायला तास-दीड तास लागला असता. निदान सोडा तरी पिऊ म्हटलं, तर ओपनर मऊ टोपलीत. शिंप्याने वल्ह्याच्या कडीवर एक बाटली उघडून पाहिली. तिचा गळा तुटला. ती आम्ही अदबीने बाजूला ठेवली.

मग आम्ही बसून राहिलो. अजून भूक नाही, असं मी म्हटलं. शिंपी म्हणाला, माझं सकाळपासून पोट बिघडलंय. ऊन चढलं. तळणाचा वास कापडातून येत होता आणि नावाडीसुद्धा वल्ही मारताना टोपलीकडे पाहत होता. दोन तास हे चाललं. मास्तर एकदा माझ्याकडे पाही, एकदा शिंप्याकडे. पस्तीस वर्षं त्याने मुलांचे खोटे चेहरे वाचलेत, तिथे आमची काय कथा.

"ती टोपली इकडे दे," तो म्हणाला. त्याचा आवाज आता कागद फाडल्यासारखा येतो, पण वर्गातला दरारा तसाच आहे. शिंप्याने दिली. त्याने गाठ सोडली, आत पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या भीतीपायी तुम्ही का उपाशी बसता?"

त्याने एक काचरी उचलली. मी हात पुढे केला, तो शिंप्याने दाबून धरला. हे चूक की बरोबर मला अजून ठरवता आलेलं नाही, ताई. मास्तरने काचरी तोंडात ठेवली आणि डोळे मिटले. नावाड्याने वल्ही वर घेतली. मी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं दहा सेकंद तो ती तोंडात घोळवत होता, एक हात गळ्यावर. कपाळावर घाम. मग गळ्याचा मणी वर गेला, तिथे थांबला, आणि खाली आला. आम्ही ठसक्याची वाट पाहत होतो. ठसका आला नाही.

त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "मीठ कमी आहे."

काचऱ्या शिंप्याने स्वतः तळल्या होत्या. एरवी असं ऐकल्यावर तो आठ दिवस बोलला नसता. त्या वेळी तो पाण्याकडे तोंड करून बसला आणि खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं. मग मास्तर त्याला म्हणाला की रडून मीठ वाढणार नाही, मग आम्ही सगळे जेवलो, नावाड्यासकट. मास्तरने सात काचऱ्या खाल्ल्या आणि टोस्टचा कोपरा तोंडात भिजवून गिळला. परतलो तर धक्क्यावरच्या तिकीटवाल्याने कस्टर्ड संपवलं होतं आणि गोड जास्त झालं म्हणून वर तक्रार केली.

झालं ते एवढं. तुमचा राग डोक्यावर घेतो.

आपला,
घड्याळवाला

ता. क. सोमवारी डॉक्टरांना घसा दाखवला. ओरखडाही नाही. नळीचं नाव त्यांनी काढलं नाही. माझ्याशी मात्र ते पंधरा मिनिटं बोलले, तेही दार लावून.

ता. क. २. पहिल्या तारखेला तुम्ही त्याला कायमचं तिकडे न्यायला येणार असं कळलं. खरं तर हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. तुमच्याकडे त्याची आबाळ होणार नाही, आमच्याकडे होते, हे दिसतंच आहे. तरीही नेऊ नका. याला माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नाही. हे मी लिहितोय हे त्याला माहीत नाही.

ता. क. ३. पत्र दुकानात टेबलावर राहिलं आणि मास्तरने वाचलं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका लाल शाईने काढल्यात, म्हणून हे पुन्हा लिहून काढलं आहे. खालची ओळ तेवढी त्याच्या हातची:

ताई, ये. पण मला न्यायला नको, इथे राहायला ये.